अमेरिकेत पहिली रायफल घेताय? दुकानात जायच्या आधी काडतूस ठरवा

टेक्सासात हरणांचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे, आणि त्याच्या महिनाभर आधीपासून ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच की बाबा आता ग्रीन कार्ड झालं, घर झालं, ऑफिसातले लोक दरवर्षी शिकारीला जातात, मलापण जायचंय, तर अशी एक रायफल सांग की हरीणपण होईल आणि वेळ आलीच तर घरातपण कामाला येईल. रायफल नंतर बघू, आधी काडतूस ठरवा असं मी सांगतो. कारण रायफल पुढे बदलता येते, स्टॉक (खांद्याला टेकवायचा दांडा) बदलता येतो, दुर्बीण बदलता येते, पण चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) ज्या काडतुसाचं आहे तेच काडतूस तुम्हाला आयुष्यभर विकत घ्यायचंय.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे या प्रश्नातच एक गोची आहे. शिकारीत गोळी आत खोलवर जायला हवी, खांद्याचं हाड फोडून फुप्फुसापर्यंत. घरात नेमकं उलटं, गोळी भिंतीपलीकडे जायलाच नको. म्हणजे दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एकाच काडतुसात दोन्ही बसवता येतात का, तर काही राज्यांत, काही अंतरापर्यंत, हो. पण ते खाली येईलच.

आधी कागद

हे लिहायला कंटाळा येतो पण आपल्या लोकांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर प्रश्न सरळ आहे, दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, एफबीआयच्या यंत्रणेतून तुमची तपासणी होते, मग रायफल मिळते (परवानाधारक दुकानातून रायफल आणि तिची काडतुसं घ्यायला फेडरल वय १८, पिस्तुलाला २१, काही राज्यांत याहून कडक). पण एच-१बी, एच-४, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसावाले असाल तर फेडरल कायद्यात बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंसुद्धा मना आहे. याला काही अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स पाहिजे. लायसन्सची तारीख संपली की अपवादपण संपला. त्यामुळे व्हिसावर असताना "मित्राची आहे, माझ्या कपाटात ठेवलीय" हा प्रकार अजिबात नको, इथे प्रश्न दंडाचा नाही, तुमच्या पुढच्या इमिग्रेशनचा आहे. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला दोनशे डॉलर द्या, स्वस्त पडेल. आणि फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो, तुमच्या राज्यात दुकानात राजरोस मिळत असला तरी फेडरल कायद्याला त्याचं काही घेणंदेणं नाही, खोटं उत्तर लिहिणं हा गुन्हा आहे.

हंटर एज्युकेशनचा कोर्सपण करून टाका. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तो लागतो, बाकी राज्यांत थोडाफार असाच नियम. ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही अशा आपल्यासारख्यांसाठी तर तो कोर्स खरंच कामाचा आहे.

काडतूस वाचायला शिका

काडतुसात चार गोष्टी: पितळेची केस, बुडाला प्रायमर (लहानपणच्या टिकलीच्या बंदुकीतली टिकली आठवा, तेच काम), आत पावडर, आणि तोंडाला बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी, बाकी पितळ मागे राहतं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम, म्हणजे १५० ग्रेनची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची.

नावांमध्ये मात्र काहीही शिस्त नाही. .३०-०६ म्हणजे .३० इंचाच्या वर्गातलं, १९०६ सालचं, अमेरिकन लष्कराचं. .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे मुळात पावडरचं वजन होतं. ६.५ क्रीडमूर मिलिमीटरमध्ये. .३०८ विंचेस्टर मात्र खरोखर गोळीचा व्यास. त्यामुळे नावावरून तर्क लढवायचा नाही. .२७० विंचेस्टर आणि .२७० डब्ल्यूएसएम वेगळी आहेत, ७ एमएम-०८ आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम वेगळी आहेत. बॅरलवर, म्हणजे नळीवर, जे नाव कोरलंय तेच, अक्षरन् अक्षर, बॉक्सवर पाहिजे.

यात एक जोडी खरंच धोक्याची आहे म्हणून जरा थांबतो. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस मुद्दाम असं बनवलंय की एआर-१५ (सहसा .२२३ काडतुसाची, दर ट्रिगरला एक गोळी मारणारी अर्धस्वयंचलित रायफल) चं बॅरल सोडून बाकी सगळं तेच चालावं, मॅगझिन (काडतुसांचा डबा) तेच, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा खिटा) तोच. आता टेबलावर दोन मॅगझिन ठेवल्यात, एकीत .२२३, दुसरीत ब्लॅकआउट, बाहेरून दोन्ही सारख्या काळ्या. ब्लॅकआउटची गोळी .३०८ इंच जाड, आणि काही ब्लॅकआउट काडतुसं .२२३ च्या चेंबरमध्ये शिरतात, बोल्ट बंद होतो, ट्रिगर दाबला की ती जाड गोळी .२२४ च्या नळीतून जाऊ शकत नाही आणि रायफल हातात फुटते. हे कागदावरचं भय नाहीये, फुटलेल्या रायफली लोकांनी बघितल्यात. म्हणून माझं स्पष्ट मत, नवख्याच्या घरात ही दोन्ही काडतुसं एकत्र नकोत. ठेवायचीच असतील तर मॅगझिनला वेगळ्या रंगाचे पट्टे लावा आणि एका वेळी रेंजवर एकच न्या.

त्याचीच सौम्य आवृत्ती .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो. दिसायला जुळी. पण ५.५६ चा प्रेशर जास्त असतो आणि त्याच्या चेंबरचा गळा जरा लांब असतो, त्यामुळे ५.५६ लिहिलेल्या बॅरलमध्ये .२२३ चालतं, .२२३ लिहिलेल्या बॅरलमध्ये ५.५६ घालायचं नाही. सेलमध्ये ५.५६ स्वस्त मिळतंय म्हणून घेताना हे आधी बघा.

पायरी १: तुम्ही राहता कुठे आणि मारणार कुठे

कुठलं काडतूस भारी यावर इथले लोक तासन् तास बोलतात, पण निम्मा निर्णय तुमच्या राज्याने आधीच घेतलेला असतो.

एडिसनला राहत असाल तर न्यू जर्सीत हरणाला रायफल चालतच नाही, शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. बॉस्टनवाल्यांचंही तेच, मॅसेच्युसेट्समध्ये हरणाला रायफल नाही. त्यांनी .३०८ घेऊन शेजारच्या राज्यात जायचं किंवा शॉटगन घ्यायची. ओहायोत रायफल चालते पण काडतूस सरळ भिंतीचं पाहिजे, म्हणजे केसला बाटलीसारखी मान नको, व्यास .३५७ ते .५० च्या मधे. सपाट, वस्तीच्या मुलखात गोळी फार लांब जाऊ नये असा त्यामागचा विचार. दक्षिण मिशिगनमध्येही सरळ भिंतीचाच नियम रुळला. अशाच राज्यांसाठी विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड आणलं, धक्का कमी, दीडशे यार्डांपर्यंत हरणाला भरपूर. त्या भागात असाल तर पुढचा निम्मा लेख सोडून द्या, .३५० लेजंड घ्या आणि मोकळे व्हा.

सिएटल भागातल्यांनी लक्षात ठेवा, वॉशिंग्टन राज्यात हरणाला कमीत कमी .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीचा व्यास, इंचात). व्हर्जिनियात .२३. म्हणजे .२२३ दोन्हीकडे बाद. कोलोराडो तर आणखी मोजून सांगतं: .२४ कॅलिबर, हरणाला ७० ग्रेनची गोळी, एल्कला (सांबरासारखं मोठं हरीण) ८५ ग्रेनची, फुलणारीच गोळी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक पाहिजे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते, तेव्हा त्या काडतुसात तांब्याची गोळी सहज मिळते का हे आधी बघा. टेक्सासात मात्र सेंटरफायर असलं की झालं, म्हणजे प्रायमर बुडाच्या मधोमध असलेलं कुठलंही काडतूस, .२२३ धरून. फक्त .२२ एलआरसारखी रिमफायर (प्रायमर केसच्या बुडाच्या काठात असलेली) हरणाला बंद.

शिवाय कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांत एआर-१५ पद्धतीच्या रायफलींवर बंदी किंवा बरीच बंधनं आहेत, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र) आणि न्यू जर्सीत खरेदीचं ओळखपत्र वेगळं. राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचं चालू वर्षाचं बुकलेट फुकट असतं, ते वाचा, गेल्या वर्षीचं नको, सीझनगणिक नियम हलतात.

पायरी २: कुठलं जनावर

हा भाग मला फार आवडतो कारण टेक्सासात आपली जनावरं भेटतात. खरंच. चितळ इथे १९३२ मध्ये आणलं गेलं, हिल कंट्रीत आता कळपच्या कळप आहेत, इथले लोक त्याला ॲक्सिस म्हणतात. काळवीट आहे. आणि दक्षिण टेक्सासच्या मोठ्या रँचेसवर नीलगाय, विदर्भातले लोक जिला रोही म्हणतात आणि जिच्या नावाने तुरीचं पीक गेलं म्हणून बोटं मोडतात तीच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, तिकडे काळवीट मारलं तर तुरुंग, आणि इथे बाहेरून आणलेली जनावरं म्हणून त्यांना सीझनच नाही, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी आणि हंटिंग लायसन्स असलं की वर्षभर. मनाला विचित्र वाटतं ते वाटतंच, वाटू द्या.

काडतुसाच्या हिशोबाने बघायचं तर असं. टेक्सासचं पांढऱ्या शेपटीचं हरीण लहान असतं, बरेचसे नर ऐंशी किलोच्या आतच, आणि बहुतेक शॉट १५० यार्डांच्या आत. याला .२४३ विंचेस्टर (१९५५ चं, .३०८ ची मान बारीक करून बनवलेलं) ९५-१०० ग्रेनच्या गोळीसकट पुरेपूर. चितळ जरा जास्त दणकट, .२४३ चालेल पण ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ असेल तर मन निश्चिंत. रानडुकराची चामडी जाड, खांद्यावर कूर्चेची ढालच असते, पण आकार मध्यम, त्यामुळे चांगल्या गोळीचं .२२३ जवळून चालतं आणि .३०८ कुठूनही चालतं. (टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला लायसन्सही लागत नाही. पण वर सांगितलेलं व्हिसाचं लक्षात आहे ना, त्या लोकांना लायसन्स लागतंच, डुकरासाठी नाही तर बंदूक हातात धरण्यासाठी.)

नीलगाय हे वेगळंच प्रकरण. मोठा नर २५० किलोच्या वर जातो, आणि गोळी लागूनसुद्धा काटेरी झुडपांत चालत नाहीसा होतो. तिथले गाइड .३०० विंचेस्टर मॅग्नमची भाषा करतात ती उगाच नाही. तसंच कोलोराडोतला एल्क, त्याला .२७०, .३०८, .३०-०६ पासून पुढे. पण पहिल्या रायफलीसाठी नीलगाय आणि एल्क डोळ्यासमोर ठेवू नका. दहा वर्षांत एकदा होणाऱ्या शिकारीसाठी दर वेळी रेंजवर खांदा सुजवून घ्यायचा म्हणजे काय. त्या वेळी गाइडकडून भाड्याने रायफल मिळू शकते.

पायरी ३: तुमचा खांदा

साडेसात-आठ पाउंडांची रायफल धरली तर धक्का साधारण असा: .२२३ चा ३-४ फूट-पाउंड, .२४३ चा ९-१०, ६.५ क्रीडमूरचा ११-१२, .३०८ चा १५ ते १८, .३०-०६ चा २० च्या घरात, .३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचविसाच्या वर. आकड्यांनी काही कळत नाही हे मान्य, पण एवढं समजा की पंधराच्या पुढे गेलं की बहुतेक नवखे पाच-सहा राउंडनंतर ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतात. आणि ते त्यांना स्वतःला कळत नाही. बाजूला उभ्या माणसाला मात्र दिसतं. खात्री करायची तर मित्राला सांगा, चेंबरमध्ये कधी काडतूस आणि कधी फक्त डमी राउंड (दारू नसलेलं खोटं काडतूस) घालून तुमच्या हातात रायफल दे, न सांगता. डमीवर ट्रिगर दाबला तेव्हा नळी खाली डचकली की समजा काडतूस तुमच्यापेक्षा मोठं झालं.

दुकानातला माणूस शंभरातले नव्वद वेळा .३०८ किंवा .३०-०६ पुढे करतो, "यात अमेरिकेतलं सगळं मारता येतं" म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण हरीण ऊर्जेच्या आकड्याने पडत नाही, गोळी हृदय-फुप्फुसाच्या आठ-दहा इंचांच्या जागेत गेली तर पडतं. फुप्फुसात गेलेली .२४३ ही पोटात गेलेल्या .३०-०६ पेक्षा हजार पटीने बरी, आणि पोटात गोळी लागलेलं जनावर रात्रभर कुठेतरी तडफडतं, हे पाप आपल्या डोक्यावर कशाला. कागदी ताट घ्या, नऊ इंचांचं, ते रेंजवर टांगा, आणि बाकावर टेकून नाही तर प्रत्यक्षात जसे बसाल तसे बसून बघा, किती अंतरावरून पाचच्या पाच गोळ्या ताटात बसतात. ते तुमचं शिकारीचं अंतर. बहुतेकांचं शंभर यार्ड निघतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जमलं तर सगळ्यात आधी .२२ एलआरची साधी बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खिटा मागेपुढे करायची रायफल) घ्या, धक्का शून्य, आवाज कमी, राउंड काही सेंटना मिळतात. त्यावर चार-पाचशे राउंड मारलेला माणूस आणि थेट .३०८ उचललेला माणूस, वर्षभरानंतर दोघांना शेजारी उभं केलं तर फरक लांबूनच कळतो.

पायरी ४: गोळी कुठली

लोक काडतुसावर महिना घालवतात आणि गोळी शेल्फवर जी असेल ती उचलतात. उलटं पाहिजे खरं तर.

एफएमजे म्हणजे पूर्ण तांब्याच्या कवचातली गोळी फक्त रेंजसाठी. ती फुलत नाही, आरपार बारीक भोक पाडून जाते, जनावर जखमी होऊन पळतं, आणि कित्येक राज्यांत शिकारीला बेकायदा आहे. घरातही नको, त्याच कारणाने. शिकारीसाठी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला उघडं शिसं असलेली, आत गेली की छत्रीसारखी फुलते, शंभर वर्षांपासून चालत आलीय आणि अजूनही स्वस्तात मस्त. मग प्लॅस्टिकच्या टोकाच्या, मग बाँडेड म्हणजे शिसं आणि कवच एकमेकांना घट्ट चिकटवलेल्या, आणि मग पूर्ण तांब्याच्या. .२२३ ने डुक्कर किंवा हरीण मारायचं असेल तर बाँडेड किंवा तांब्याचीच, ६० ग्रेनच्या पुढची, कारण हलकी गोळी वरच फुटून बसते. आणि .२२३ मध्ये ट्विस्ट बघा, म्हणजे नळीतले आटे किती इंचांत एक वळसा घेतात (१:९ म्हणजे नऊ इंचांत), १:९ च्या बॅरलला ७७ ग्रेनची लांब गोळी स्थिर होत नाही, १:७ किंवा १:८ ला होते. बॅरलवर लिहिलेलं असतं.

तांब्याच्या गोळीचा अजून एक फायदा आपल्याला लागू होतो. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात. घरात लहान मुलं खाणार असतील तर एक तर तांब्याची गोळी वापरा नाहीतर जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून टाका. बाय द वे, हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, बोकडाच्या अंदाजाने सुकं करायला गेलात तर चिवट होतं, रस्साच करा आणि तेल जरा सैल सोडा.

जुन्या .३०-३० बद्दल एक ओळ. १८९५ चं काडतूस, लिव्हर ॲक्शन रायफल, दिसायला सिनेमातली, जंगलात शंभर यार्डांना अजूनही झकास. पण तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपतात आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं, म्हणून त्यात चपट्या टोकाची किंवा खास मऊ टोकाची गोळीच घालायची. टोकदार नाही म्हणजे नाही.

पायरी ५: घर

आता गोचीचा भाग. पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या असतात. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्समचा पुठ्ठा. चित्र टांगताना खिळा नुसत्या दाबाने जातो त्यात. अशा भिंतीला .३०८ ची गोळी भिंत समजतच नाही, बेडरूम, बाथरूम, मुलांची खोली, बाहेरची भिंत आणि शेजारी. .३०-०६, ६.५ क्रीडमूर, .२७० सगळ्यांचं तेच. म्हणून शिकारीची बोल्ट ॲक्शन घरासाठी हा विचार सोडून द्या.

.२२३ ची हलकी, फुलणारी गोळी मात्र वेगाने जाते आणि दोन-तीन पुठ्ठ्यांतच डगमगते, तुटायला लागते, आणि बऱ्याचदा ९ एमएम पिस्तूल किंवा शॉटगनच्या जाड छऱ्यांपेक्षा कमी भिंती ओलांडते. लोकांना हे उलटं वाटतं, रायफल म्हणजे जास्तच घुसणार, पण तसं नाही. तरीसुद्धा नीट ऐका, कमी ओलांडते म्हणजे थांबते असं नाही. जी गोळी माणसाला थांबवू शकते ती पुठ्ठ्याच्या पलीकडे झोपलेल्या माणसालाही मारू शकते. म्हणून आधी कागदावर घराचा नकाशा काढा आणि मुलांची खोली कुठल्या दिशेला आहे, शेजाऱ्याची कुठे, हे बघा. काही घरांत असा एकही कोन निघत नाही की जिथून गोळी झाडता येईल. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर माझा सल्ला, घरासाठी रायफल घेऊच नका.

आवाज. बंद खोलीत .२२३ दीडशे डेसिबलच्या वर जाते, १४० लाच कानाला कायमची इजा होऊ शकते. आखूड बॅरल आणि मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात तो तुकडा) लावलात तर आणखी वाईट.

आणि आपल्या घरांतली एक गोष्ट इथल्या कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असतात, जेटलॅग असतो, रात्री तीनला बाबा उठतात, दिवा कशाला लावायचा, लाइट बिल येईल, म्हणून अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवतात. खाली भांडं वाजतं. वर तुम्ही दचकून उठता. त्या क्षणी तुमच्या हातात काय असावं असं वाटतं? माझ्या मते टॉर्च आणि फोन. चेहरा ओळखल्याशिवाय रायफलीला हातच नाही, आणि ओळखीसाठी रायफल रोखायची तर मुळीच नाही. पाहुणे आले की सरळ तिजोरीच्या आत कुलूप, त्यांना घरात बंदूक आहे हे सांगा, लपवू नका.

एकूणात घरासाठी आधी दाराची मजबूत कडी, बाहेरचा सेन्सरवाला दिवा, अलार्म, कुणी कुठल्या खोलीत जमायचं आणि ९११ कोण लावणार हे ठरवणं, आणि मग सगळ्यात शेवटी .२२३. बंदूक कधी वापरली तर चालते याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, टेक्सासचं ऐकून कॅलिफोर्नियात वागू नका. साठवण कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, लहान मुलं असतील तर यात कसलीच तडजोड नाही, बऱ्याच राज्यांत तो कायदाच आहे. आणि घरात कुणी खूप निराश असेल, जॉब गेलाय, घटस्फोट चाललाय, मुलगा कुणाशी बोलत नाहीये, तर त्या काळात बंदूक घराबाहेर ठेवा, नातेवाइकाकडे किंवा दुकानात, तुमच्या राज्याच्या नियमात बसेल तसं. ९८८ वर (मानसिक संकटातल्या मदतीची हेल्पलाइन) फोन करून बोलता येतं, रात्रीसुद्धा.

मग शेवटी घ्यायचं काय

माझं उत्तर, आणि हे मत आहे. टेक्सास किंवा तसल्याच मोकळ्या राज्यात राहता, हरीण-चितळ-डुक्कर एवढंच करायचंय: ६.५ क्रीडमूर किंवा .२४३, साधी बोल्ट ॲक्शन. अंगाने लहान असाल किंवा घरात नवरा-बायको दोघंही वापरणार असाल तर .२४३. एल्क कधीतरी नक्की करायचाच असेल तर .३०८, .३०-०६ ची तुम्हाला गरज नाही, कितीही लोक काहीही म्हणोत. मॅग्नम नको.

एकच रायफल दोन्ही कामांना हवी असा हट्टच असेल, तुमच्या राज्यात .२२३ हरणाला चालत असेल, आणि तुम्ही शंभर यार्डांच्या पुढे मारणार नाही असं स्वतःला वचन देत असाल, तर ५.५६ चेंबरची रायफल, १:८ चा ट्विस्ट, शिकारीला ६० ग्रेनच्या पुढची बाँडेड गोळी, घरासाठी हलकी फुलणारी. दोन्ही बॉक्सवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवा, आणि झीरो (दुर्बीण जिथे रोखते तिथेच गोळी लागेल असं जुळवणं) दोन्ही गोळ्यांनी वेगळा तपासा कारण त्या एकाच ठिकाणी लागत नाहीत.

घेताना तुमच्या जवळच्या दोन-तीन दुकानांत आधी नुसतं शेल्फ बघून या. जे काडतूस तिन्हीकडे मिळतं ते घ्या. २०२० मध्ये काडतुसांची टंचाई झाली तेव्हा अनवट काडतुसांवाले लोक महिनोन् महिने हात चोळत बसले. शिकारीच्या वीस राउंडचा बॉक्स साधारण ३० ते ५० डॉलरला पडतो, .२२३ ची सरावाची त्याहून कितीतरी स्वस्त. एकाच ब्रँडच्या एकाच गोळीचे तीन-चार बॉक्स एकदम घ्या, लॉट नंबर एकच बघून, एकाने झीरो करा, बाकीचे सीझनला. कोरड्या, थंड जागी ठेवा, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत नको.

आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा, ती प्रवासाला कधीच वापरायची नाही. बॅगेच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस घेऊन लोक भारतात उतरतात किंवा तिथून निघताना स्कॅनरमध्ये सापडतात, आणि तिकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली एका जिवंत काडतुसावरसुद्धा गुन्हा दाखल होतो, मग फ्लाइट चुकते, पासपोर्ट अडकू शकतो, आणि आपल्याला माहीतच नव्हतं हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. मुंबईच्या तिकिटाआधी जॅकेटचे खिसेसुद्धा उलटे करून बघा, विशेषतः शिकारीचं जॅकेट असेल तर.